आहारतज्ज्ञ व्हायचे आहे? आधी शिक्का तपासा

सोलापूरच्या भवानी पेठेत राहणाऱ्या माणसाला चादरीची पारख शिकवावी लागत नाही. वीण किती घट्ट आहे, वजन किती भरते, रंग पक्का की कच्चा, हे तो हात लावताच सांगतो. परगावी तयार झालेला हलका माल ‘सोलापुरी’ म्हणून विकला जातो, तेव्हा नुकसान कोणाचे होते, हेही त्याला ठाऊक आहे. गिऱ्हाईक फसते आणि खरा कारागीरही बुडतो.

नेमकी हीच पारख आज आपल्या मुलामुलींच्या शिक्षणात करण्याची वेळ आली आहे. ‘सर्टिफाइड न्यूट्रिशनिस्ट’, ‘सहा आठवड्यांत डायटिशियन व्हा’ अशा जाहिराती मोबाइलवर रोज येतात. हजारो रुपये भरून रंगीत प्रमाणपत्र घरी येते, भिंतीवर लागते. पण ते घेऊन इस्पितळात नोकरीला गेले की उपयोग होत नाही. व्यवसाय चांगला आहे, गरजेचा आहे आणि आपल्या वस्तीला तर फारच गरजेचा आहे. म्हणूनच त्यात शिरण्याचा खरा दरवाजा कोणता, हे नीट समजून घेऊ.

या व्यवसायाची गरज का वाढली?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे दहा कोटी लोकांना मधुमेह आहे आणि त्याहून अधिक, सुमारे साडेतेरा कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. दुसऱ्या बाजूला २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. पाच वर्षांखालील दर शंभर मुलांपैकी ३५ मुले वयाच्या मानाने खुजी होती.

म्हणजे एकाच घरात वडिलांना साखरेचा आजार, आईला रक्ताची कमतरता आणि लहानग्याची वाढ खुंटलेली, असे चित्र दिसू शकते. तिघेही एकाच ताटात जेवतात, पण तिघांची गरज वेगळी आहे. ती ओळखून त्याच चुलीवर, त्याच कमाईत तिघांचे जेवण बसवून देणे हे आहारतज्ज्ञाचे काम होय.

डायटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट

हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात, पण त्यांत फरक आहे. डायटिशियन हा मुख्यतः रुग्णाच्या आहाराचा जाणकार. डॉक्टरांनी केलेले निदान, रक्ताचे अहवाल आणि चालू असलेली औषधे पाहून तो आहार ठरवतो. न्यूट्रिशनिस्टचे क्षेत्र जास्त पसरट आहे. सार्वजनिक आरोग्य, अंगणवाड्यांचे पोषण, खेळाडूंचा आहार, खाद्यपदार्थांचे कारखाने, संशोधन असे सगळे त्यात येते.

दोघांपैकी कोणीही डॉक्टर नाही. रोगाचे निदान करणे, गोळी बंद करणे किंवा इन्सुलिनची मात्रा बदलणे हे त्यांचे काम नव्हे. ‘माझा डाएट घ्या आणि साखरेच्या गोळ्या फेकून द्या’ असे जो सांगतो, त्याच्यापासून चार हात दूर राहावे.

कायदा काय सांगतो?

पूर्वी या व्यवसायाला देशपातळीवर कायद्याचे कुंपण नव्हते. कोणीही पाटी लावू शकत असे. १९६३ साली स्थापन झालेली इंडियन डायटेटिक असोसिएशन ही संघटना आपल्या परीक्षेद्वारे ‘रजिस्टर्ड डायटिशियन’ म्हणजे ‘आर.डी.’ हा दर्जा देते आणि मोठ्या इस्पितळांत त्याला मान आहे. परंतु ही व्यावसायिकांनी स्वतः उभारलेली व्यवस्था आहे, सरकारी नोंदणी नव्हे.

२०२१ साली संसदेने राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा केला. त्याच्या परिशिष्टात पोषणशास्त्राच्या व्यावसायिकांचा वेगळा गट असून त्यात डायटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट ही दोन्ही नावे आहेत. यातील ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’ म्हणवण्यासाठी पदवीचा अभ्यासक्रम किमान ३,६०० तासांचा आणि तीन ते सहा वर्षांत विभागलेला असावा, अशी अट आहे. अशा व्यावसायिकांची नावे राज्य आणि केंद्र पातळीवरील नोंदवहीत घेण्याची तरतूद असून, नोंदणीविना व्यवसाय करणाऱ्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता साधा हिशेब करा. सहा आठवड्यांचा वर्ग, रोज दोन तास, एकही सुट्टी न घेता केला तरी ८४ तास भरतात. कुठे ८४ आणि कुठे ३,६००! स्वतःच्या घरातले खाणे सुधारण्यासाठी छोटा वर्ग जरूर करावा, त्यात काही गैर नाही. पण त्याच्या जोरावर दुसऱ्याच्या आजारावर आहार लिहून देणे हे कायद्याच्या दृष्टीने धोक्याचे आणि रुग्णाच्या जिवाशी खेळ आहे.

आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यापीठांना कळवले की, या कायद्याखाली येणारे आरोग्यविषयक अभ्यासक्रम जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन चालवू नयेत. त्यात अन्न व पोषणशास्त्र आणि क्लिनिकल न्यूट्रिशन व डायटेटिक्स या विषयांचा उल्लेख आहे. तेव्हा ‘घरबसल्या डायटेटिक्सची पदवी’ असे कोणी सांगू लागला, तर पैसे काढण्याआधी हा आदेश त्याच्यापुढे ठेवावा.

दहावीनंतरची वाट

१. अकरावी-बारावीला विज्ञान शाखा घ्यावी. रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हा या विद्येचा पाया आहे. काही गृहविज्ञान अभ्यासक्रमांना इतर शाखांतूनही प्रवेश मिळतो, पण पुढे इस्पितळात काम करायचे असेल तर विज्ञानाचा रस्ता सरळ पडतो.

२. त्यानंतर अन्न व पोषण, आहारशास्त्र किंवा गृहविज्ञान (कम्युनिटी सायन्स) या विषयांतील तीन किंवा चार वर्षांची पदवी. शरीरक्रिया, जीवरसायन, अन्नातील सूक्ष्मजंतू, पोषण, रोगांनुसार आहार आणि मोठ्या स्वयंपाकघराची व्यवस्था असे विषय यात शिकावे लागतात.

३. पुढे आहारशास्त्रात दोन वर्षांची एम.एस्सी. किंवा एक वर्षाची पदव्युत्तर पदविका.

४. मग रुग्णालयातील उमेदवारी, म्हणजे इंटर्नशिप. आपल्याकडे मागावर बसल्याशिवाय विणकर होत नाही, तसेच वॉर्डात रुग्णाच्या उशाशी उभे राहिल्याशिवाय आहारतज्ज्ञ तयार होत नाही. ‘आर.डी.’च्या परीक्षेसाठी साधारण सहा महिन्यांची उमेदवारी लागते.

५. शेवटी ‘आर.डी.’ची परीक्षा आणि कायद्यानुसार नोंदणी.

बारावीनंतर साडेचार ते सहा वर्षे धरून चालावे. हा काळ मोठा वाटतो खरा. पण सहा आठवड्यांचे तीन-चार वर्ग करून हाती काही न लागण्यापेक्षा ही वर्षे स्वस्त पडतात.

शिक्षण कोठे मिळते?

मुलींसाठी महर्षी कर्वे यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाची मुंबई आणि पुणे येथील गृहविज्ञान महाविद्यालये आहेत. मुंबईचे निर्मला निकेतन आणि नागपूरचे एल.ए.डी. महाविद्यालय हीही जुनी नावे. मुलांनी आणि मुलींनीही परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील कम्युनिटी सायन्सच्या चार वर्षांच्या पदवीचा विचार करावा. हे काम फक्त बायकांचे, असा समज काढून टाकावा. इस्पितळात, खेळाच्या मैदानावर आणि कारखान्यात पुरुष आहारतज्ज्ञही काम करतात.

पदवीनंतर हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था फार दूर नाही. सोलापूर हे मुंबई-हैदराबाद रेल्वेमार्गावरचे स्टेशन, तेव्हा पुणे आणि हैदराबाद दोन्हीकडे एका गाडीत बसून जाता येते. या संस्थेची सुरुवात १९१८ साली कुन्नूरला बेरीबेरी रोगाच्या संशोधनासाठी रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी केली आणि १९५८ मध्ये ती हैदराबादला आली. तेथे एम.एस्सी. (अप्लाइड न्यूट्रिशन) हा अभ्यासक्रम आहे. भारतातील ५२८ खाद्यपदार्थांत काय किती आहे, याचे कोष्टक या संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केले. प्रत्येक आहारतज्ज्ञाच्या टेबलावर ते असतेच.

आपल्या पेठेतले एक उदाहरण

हे काम प्रत्यक्षात कसे चालते, ते एका कल्पित रुग्णावरून पाहू. समजा, पंचेचाळीस वर्षांचा एक यंत्रमाग कामगार आहे. रात्रपाळी करतो. मधुमेहाचे निदान झाले आहे, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत.

अर्धवट शिकलेला सल्लागार त्याच्या हातात छापील कागद ठेवील : सकाळी ओट्स, दुपारी ब्रोकोली, रात्री सूप. कागद चार दिवस खिशात राहतो, पाचव्या दिवशी फेकला जातो.

खरा आहारतज्ज्ञ आधी विचारतो : दिवसभरात चहा किती? उत्तर येते, आठ कप. प्रत्येक कपात दोन चमचे साखर. चमचा पाच ग्रॅमचा धरला तर दिवसाला ८० ग्रॅम साखर, म्हणजे ३२० कॅलरी, निव्वळ चहातून पोटात जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ सालच्या सल्ल्यानुसार दोन हजार कॅलरीच्या आहारात वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत असावी, २५ ग्रॅमपर्यंत आणता आली तर अधिक चांगले. आता रात्रपाळीच्या माणसाला ‘चहा सोड’ म्हटले तर तो ऐकणार नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात कप तेवढेच ठेवून चमचा एक करायचा, पुढच्या आठवड्यात अर्धा करून कपही कमी करायचे. ही झाली कामाची भाषा.

मग भाकरी. ज्वारी आपल्याच जिल्ह्याची. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम तंतू म्हणजे चोथा असतो, तर पांढऱ्या पॉलिश केलेल्या तांदळात तीन ग्रॅमहून कमी. त्यामुळे भातापेक्षा भाकरी बरी, हे खरे. परंतु भाकरीतही पिठूळपणा आहेच, चार भाकऱ्या म्हणजे औषध नव्हे. शेंगा चटणीचेही तसेच. शेंगदाण्यात शंभर ग्रॅममागे सुमारे २४ ग्रॅम प्रथिने आहेत, पण कॅलरीही ५२० च्या घरात आहेत. चटणी ताटात चमच्याने यावी, वाटीने नव्हे. मटणाचा दिवस असेल तर वरचा तेलाचा तवंग काढावा, सोबत दालचा आणि कांदा-काकडी वाढवून भात कमी करावा. जेवण तेच राहते, प्रमाण बदलते.

शेवटी तो विचारतो : गोळी केव्हा घेता आणि जेवता केव्हा? काही गोळ्या घेऊन जेवण लांबले तर रक्तातली साखर एकदम खाली येते, घाम फुटतो, चक्कर येते. चालत्या मागापाशी चक्कर येणे म्हणजे काय, हे कारागिराला सांगायला नको. आहारतज्ज्ञ जेवणाची वेळ पाळीप्रमाणे बसवतो आणि गोळीबाबतचा प्रश्न चिठ्ठी लिहून डॉक्टरांकडे पाठवतो.

रमजान आणि रुग्ण

आपल्या वस्तीत काम करणाऱ्याला हा भाग विशेष आला पाहिजे. मधुमेही माणसाने रोजा ठेवावा की नाही, याविषयी आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ आणि मधुमेह व रमजान विषयक आघाडी यांनी २०१६ साली मार्गदर्शिका काढली आणि २०२१ मध्ये ती सुधारली. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी, धोका किती हे ठरवावे आणि औषधांच्या वेळा त्यांच्याकडूनच बदलून घ्याव्यात, असे ती सांगते. रोजा असताना रक्तातील साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर तेथेच रोजा सोडावा. आजारी माणसाला धर्मानेच सवलत दिली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही.

इफ्तारच्या खजुराचेच पाहा. धडधाकट माणसाला तो पटकन ताकद देतो. पण मूत्रपिंड निकामी होऊन डायलिसिसवर असलेल्या रुग्णाच्या रक्तात त्यातले पोटॅशियम साठू शकते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. रक्त कमी असलेल्या मुलीला डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील, तर जेवणाबरोबरचा चहा त्या लोहाला शरीरात शिरू देत नाही. त्याऐवजी जेवणावर लिंबू पिळले तर लोह जास्त मिळते. एकाला हितकर ते दुसऱ्याला घातक. हे ओळखण्यासाठीच ३,६०० तास लागतात.

रोजगार आणि धंदा

मोठ्या इस्पितळांना आहारतज्ज्ञ लागतो. सरकारी रुग्णालये, कुपोषित बालकांची पोषण पुनर्वसन केंद्रे, वसतिगृहे आणि व्यायामशाळा येथेही काम आहे. रेल्वेच्या २०२४ सालच्या निमवैद्यकीय भरतीत आहारतज्ज्ञाचे पद सातव्या वेतनस्तरावर, ४४,९०० रुपये मूळ वेतनाचे होते. पात्रता होती बी.एस्सी.सह आहारशास्त्राची एक वर्षाची पदव्युत्तर पदविका आणि इस्पितळातील तीन महिन्यांची उमेदवारी, किंवा गृहविज्ञानात पदवी व अन्न-पोषणात पदव्युत्तर पदवी. जागा मात्र देशभरात मोजक्या असतात, तेव्हा केवळ सरकारी नोकरीवर डोळा ठेवून बसू नये.

स्वतःचा सल्ला व्यवसायही करता येतो. समजा, दिवसाला पाच रुग्ण, प्रत्येकी दोनशे रुपये, महिन्याचे २५ दिवस. हिशेब २५,००० रुपयांचा होतो. त्यातून खोलीचे भाडे, वीज, वजनकाटा आणि उंची मोजण्याचे साधन यांचा खर्च जातो. सुरुवातीला रोज पाच रुग्ण येणार नाहीत. म्हणून पहिली दोन-तीन वर्षे इस्पितळात नोकरी आणि संध्याकाळी वस्तीत सल्ला, असा मेळ घालावा. डॉक्टरांशी ओळख आणि विश्वास हेच या धंद्याचे भांडवल आहे.

व्यापाऱ्यांसाठीही यात संधी आहे. शेंगा चटणी, कडक भाकरी, खारी, नानकटाई यांचा पॅकबंद माल परगावी पाठवायचा तर वेष्टनावर अन्नसुरक्षा कायद्यानुसार मजकूर द्यावा लागतो. ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, साखर, स्निग्धांश, सोडियम हे आकडे अंदाजाने छापून चालत नाही. प्रयोगशाळेचा अहवाल समजून घेणे, मीठ-तेलाचे प्रमाण सुधारणे आणि ‘शुगर फ्री’सारखे दावे कायद्यात बसतात का ते पाहणे, हे काम शिकलेली मुलगी आपल्याच बेकरीत बसून करू शकते.

पैशाची तजवीज

महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये इतर मागासवर्ग, आर्थिक दुर्बल इत्यादी घटकांतील, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी दिली. बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन, पिंजारी अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. पण दाखला वेळेवर काढला तरच त्याचा उपयोग. मुलगी दहावीत असतानाच जातीच्या दाखल्याची आणि पडताळणीची कागदपत्रे जमवायला लागा. आजोबांच्या शाळेचा दाखला शोधायला वेळ लागतो. निवडलेला अभ्यासक्रम या सवलतीत बसतो का, हे कॉलेजच्या कार्यालयात विचारून घ्या. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्ज योजनेचीही चौकशी करावी.

फी भरण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

१. ही पदवी कोणत्या विद्यापीठाची? ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आहे का?
२. अभ्यासक्रम एकूण किती तासांचा? २०२१ च्या कायद्याखाली नोंदणीस पात्र आहे का? उत्तर लेखी द्याल का?
३. वर्ग प्रत्यक्ष भरतात की ऑनलाइन?
४. प्रयोगशाळा आणि स्वयंपाकघर दाखवाल का?
५. उमेदवारी कोणत्या रुग्णालयात, किती महिने, कोणाच्या देखरेखीखाली?
६. मागील तुकडीतील विद्यार्थिनी आज कोठे काम करतात? त्यांच्याशी बोलता येईल का?

सहाही प्रश्नांना सरळ उत्तर मिळाले तर फी भरा. एकाही उत्तरात चाचपडणे दिसले, तर पैसे खिशातच ठेवा.

रुग्ण म्हणून कोणाकडे जाणाऱ्यानेही पाटीवरच्या नावाखालची पदवी वाचावी आणि नोंदणी विचारावी. चादर घेताना आपण ती उलटून पाहतो, मग ताटातला घास ठरवणाऱ्याची पदवी का पाहू नये? आपल्या मोहल्ल्याची भाषा, इथली भाकरी, इथली रात्रपाळी आणि इथला रमजान जाणणारी एक खरी शिकलेली आहारतज्ज्ञ पेठेत बसली, तर शेकडो घरांचे दवाखान्याचे खर्च वाचतील. ती आज कदाचित आपल्याच घरात दहावीचा अभ्यास करीत असेल. तिच्यासाठी या आठवड्यात करण्याजोगे काम एकच : अकरावीचा अर्ज भरताना शाखा नीट निवडा आणि दाखल्याची फाइल आजच उघडा.